कुतुपालोंगची चूल: सरपण, दरड आणि आग यांचं एक प्रकरण

निर्वासितांच्या छावणीबद्दल लिहिलं जातं तेव्हा तंबू, पाणी, औषधं यांची चर्चा होते. स्वयंपाकाच्या इंधनाचा विषय बहुतेक वेळा शेवटच्या पानावर जातो. बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यातलं हे प्रकरण मी त्याच विषयाच्या बाजूने मांडतो आहे, कारण तिथे २०१७ ते २०२१ या काळात छावणीचं जवळजवळ प्रत्येक दुखणं फिरून चुलीपाशी आलं. घटना आणि संस्था सार्वजनिक नोंदीतल्या आहेत. कुटुंबांची, स्वयंसेवकांची किंवा अधिकाऱ्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

२५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून रोहिंग्यांचे लोंढे नाफ नदी ओलांडून बांगलादेशात येऊ लागले. काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसं आली. आधीच्या दशकांत आलेले लोक धरले तर एकूण आकडा दहा लाखांच्या जवळ गेला. उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत मिळून मूळ स्थानिक लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. म्हणजे पाहुणे यजमानांच्या दुप्पट झाले.

कुतुपालोंगला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच एक जुनी छावणी होती. नवे लोक तिच्या कडेने, बालुखालीच्या बाजूला टेकड्यांवर पसरत गेले आणि पाहता पाहता सहा लाखांच्या घरातली एक सलग वस्ती उभी राहिली. पुढे जिल्ह्यात ३३ छावण्या आखल्या गेल्या, पण आखणी वस्तीच्या मागून आली. लोकांनी जागा मिळेल तिथे झाडं तोडली, टेकडीच्या अंगाला कोयत्याने पायरी खणली, बांबू रोवले आणि वर ताडपत्री ओढली. सुमारे सहा हजार एकर वनजमीन या सगळ्यात गेली. त्यात राखीव वन होतं आणि स्थानिक गरीब कुटुंबांनी वन विभागाबरोबर भागीदारीत लावलेली सामाजिक वनीकरणाची झाडंही होती. हे दुसरं नुकसान पुढच्या कटुतेचं एक कारण आहे.

छावणीच्या कारभाराची रचना थोडक्यात अशी: सर्वात वर सरकारचे निर्वासित मदत व प्रत्यावर्तन आयुक्त, प्रत्येक छावणीला त्यांचा एक कॅम्प-इन-चार्ज, आणि खाली ब्लॉकवार ‘माझी’ म्हणजे सुरुवातीला लष्कराच्या देखरेखीत नेमलेले वस्तीप्रमुख. मदतीचं काम संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि शेकडो स्वयंसेवी संस्था करतात. सरकारची एक अट पहिल्या दिवसापासून होती, आणि तिने पुढचा प्रत्येक निर्णय बांधला: ही माणसं परत जाणार आहेत, म्हणून इथे पक्कं काही बांधायचं नाही. विटा नाहीत, सिमेंटचा कोबा नाही. निर्वासितांना रीतसर रोजगाराचीही मुभा नाही.

अडचण नेमकी कुठे होती

शिध्यात मिळायचं ते तांदूळ, डाळ आणि तेल. तांदूळ आणि डाळ शिजवल्याशिवाय पोटात न जाणारे. शिधा देण्याची जगातली सर्वात मोठी यंत्रणा कामाला लागली, पण तो शिजवायचा कशावर हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत अन्न, निवारा, पाणी व स्वच्छता, आरोग्य, संरक्षण असे वेगवेगळे गट असतात आणि प्रत्येकाला आपापली जबाबदारी ठाऊक असते. सरपणाचा गट नसतो. ऊर्जा आणि पर्यावरणासाठी कार्यगट झाला, पण लोकांनी टेकड्या बोडक्या करायला सुरुवात केल्यानंतर.

दिवसाला सुमारे ७०० टन लाकूड जळतं, असा अंदाज त्या काळात मदत संस्था मांडत होत्या. ते लाकूड डोक्यावरून येत होतं. मुलं आणि बायका पहाटे निघायच्या आणि कैक तासांनी मोळी घेऊन परतायच्या. जवळचं जंगल संपलं तसं अंतर वाढत गेलं. वाटेत स्थानिक लोकांशी हमरीतुमरी, मुलींना छेडछाड आणि त्याहून वाईट प्रकार. त्यात हा भाग आशियाई हत्तींच्या जुन्या वाटेवर आहे. सुमारे चाळीस हत्तींचा तिथे वावर असल्याचं आययूसीएन (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) यांच्या पाहणीत दिसलं. पहिल्या काही महिन्यांतच डझनभर निर्वासित हत्तींच्या हल्ल्यात मेले. मोळी आणायला माणूस नसलेल्या घरात मग शिध्यातले तांदूळ आणि डाळ विकून लाकूड विकत घेतलं जायचं. कागदावर त्या घराला पूर्ण शिधा मिळालेला असायचा.

धूर हा वेगळा विषय. खिडकी नसलेल्या ताडपत्रीच्या खोलीत तीन दगडांची चूल पेटली की काय होतं ते आपल्याकडे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. छावणीतल्या दवाखान्यांत श्वसनाच्या तक्रारींचा भरणा होता.

पण मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो मुळांचा भाग. झाडं संपल्यावर लोकांनी बुंधे काढले, बुंधे संपल्यावर मुळं खणली. कुतुपालोंगच्या टेकड्या आपल्या सह्याद्रीसारख्या कातळाच्या नाहीत. वाळू आणि चिकणमाती यांची सैल, ठिसूळ भर आहे ती. मुळांनीच ती धरून ठेवली होती. कॉक्स बाजारला पाऊस पडतो तो कोकणाच्या तोडीचा, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. माळीण आणि इर्शाळवाडी आठवणाऱ्या वाचकाला या दोन वाक्यांची बेरीज करून दाखवावी लागणार नाही. २०१८च्या पावसाळ्याआधी तज्ज्ञांनी नकाशे तयार केले तेव्हा दोन लाखांहून अधिक माणसं पूर किंवा दरडीच्या धोक्यात राहत असल्याचं दिसलं.

समोरचे पर्याय

इंधनाचं काय करायचं यावर जे पर्याय चर्चेत होते त्यांची तुलना एका तक्त्यात बसते, पण तक्त्यात त्यातली अडचण दिसत नाही.

पहिला पर्याय, लाकूडच वाटायचं, मात्र बाहेरून विकत आणून. त्याने मुली आणि हत्ती हा प्रश्न सुटला असता. पण रोजचं शेकडो टन लाकूड कुठल्यातरी जंगलातूनच येणार. शिवाय ते ट्रकने येणार, आणि छावणीत तेव्हा ट्रक आत जाईल असे रस्तेही मोजके होते.

दुसरा, सुधारित चुली. त्यात लाकूड कमी लागतं, चूल स्वस्त पडते, बनवायला सोपी. काही संस्थांनी वाटल्याही. गरज निम्मी झाली असती असं धरलं तरी उरलेली निम्मी दहा लाख माणसांची होती. अशा चुली गावाला उपयोगी पडतात. एवढ्या दाट वस्तीत त्यांनी फक्त थोडा वेळ मिळतो.

तिसरा, भाताच्या तुसाचे दाबून केलेले ओंडके. बांगलादेशात भातगिरण्यांची कमी नाही, माल देशातच तयार होतो. हे ओंडके बऱ्यापैकी वाटले गेले आणि मधल्या काळात त्यांनी आधार दिला. पावसाळ्यात ते ओलावा धरतात, धूर करतात आणि वजनाने भरपूर असतात, त्यामुळे कायमची सोय म्हणून टिकण्यासारखे नव्हते.

चौथा, सामुदायिक स्वयंपाकघरं. इंधनाच्या दृष्टीने सर्वात काटकसरीचा मार्ग हाच. पण रोहिंग्या समाजात पडदा कडक आहे. अनोळखी पुरुषांच्या वर्दळीत जाऊन बायकांनी रोज दोनदा रांधावं, ही अपेक्षा तिथे चालली नसती. वर दहा लाख माणसांची स्वयंपाकघरं उभारायला सपाट जागा कुठून आणणार?

बायोगॅस आणि सौरऊर्जा यांची नावं प्रत्येक बैठकीत निघायची. छावणीत मैला भरपूर, मग गॅस का नाही, हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात माणसाच्या मैल्यापासून मिळणारा गॅस शेणाच्या तुलनेत तोकडा असतो. शौचालयांच्या एका समूहावर काही मोजक्या शेगड्या चालतात. प्रयोग म्हणून ते ठीक होतं.

उरला एलपीजी. त्याच्या विरोधातली बाजू जड होती. खर्च एकदाचा नाही, दरमहाचा आणि न संपणारा. ताडपत्री आणि वाळलेल्या बांबूच्या खोलीत सिलिंडर ठेवायचा, आणि शेजारची खोली हाताच्या अंतरावर. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात रेग्युलेटर हातात धरलेला नाही. सरकारच्या बाजूनेही प्रश्न होता: गॅसजोडणी दिली की वस्ती कायमची झाल्यासारखी दिसते. एवढं सगळं असूनही त्याच्या बाजूने एकच गोष्ट होती, की लाकूड पूर्ण थांबवणारा आणि लगेच मोठ्या प्रमाणावर करता येणारा दुसरा मार्ग नव्हता.

काय केलं

ऑगस्ट २०१८ पासून आयओएम (स्थलांतर), एफएओ (अन्न व शेती) आणि डब्ल्यूएफपी (अन्नवाटप) या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या संयुक्त कार्यक्रमातून शेगडी, सिलिंडर, रेग्युलेटर आणि रबरी नळी यांचं वाटप सुरू झालं. यूएनएचसीआरने आपल्या अखत्यारीतल्या छावण्यांत तेच केलं. २०१९ च्या अखेरीपर्यंत जवळपास सगळ्या निर्वासित कुटुंबांकडे गॅस पोहोचला. दुर्गम टेकड्यांवर एवढ्या वेगाने हे होणं ही थोडी गोष्ट नाही, आणि तिचं श्रेय त्या काळात फार कमी लोकांनी दिलं.

या कार्यक्रमात तीन निर्णय असे होते ज्यांच्यामुळे तो निव्वळ सिलिंडरवाटप राहिला नाही.

आजूबाजूच्या स्थानिक कुटुंबांनाही त्यात घेतलं गेलं. बांगलादेश सरकारचा आग्रह होता की मदतीतला साधारण पंचवीस ते तीस टक्के वाटा यजमान समाजाला मिळावा. हा आग्रह अनेक संस्थांना तेव्हा ओझं वाटला. माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वात शहाणपणाचा भाग आहे. ज्याची सामाजिक वनीकरणाची झाडं गेली, ज्याच्या मजुरीचा दर पडला, त्याच्या डोळ्यांसमोर शेजारच्या निर्वासिताला फुकट गॅस मिळत राहिला असता तर जंगल वाचलं असतं का? स्थानिक लोकही सरपण त्याच जंगलातून आणत होते.

दुसरा, गॅसबरोबर झाडं लावणं एकाच कार्यक्रमात बांधलं. लाकडाची मागणी घटवल्याशिवाय रोप लावणं म्हणजे पुढच्या वर्षीचं सरपण लावणं. हा क्रम पाळला गेला. उतारांवर वाळ्याच्या गवताची लागवड झाली, कारण त्याची मुळं खोल आणि सरळ खाली जातात. वन विभागाबरोबर देशी जातींची झाडं लावली गेली. त्याच सुमारास आयओएम, यूएनएचसीआर आणि डब्ल्यूएफपी यांनी मिळून एक अभियांत्रिकी पथक उभं केलं. त्याने गटारं काढली, रस्ते केले, पश्चिमेकडच्या टेकड्या सपाट करून शंभराहून अधिक एकर जागा तयार केली, आणि सर्वात धोक्याच्या उतारांवरची कुटुंबं तिथे हलवली.

तिसरा निर्णय प्रशिक्षणाचा. सिलिंडर घेण्याआधी घरातल्या माणसाने शेगडी पेटवणं, नळी तपासणं, वास आला तर काय करायचं हे शिकायचं. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडीपासून दूर. ज्यांना सिलिंडर टेकडीवर नेता येत नव्हता, म्हणजे वृद्ध, आजारी, एकट्या बायका, त्यांच्यासाठी हमालांची सोय करावी लागली. बारा किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन घेऊन चिखलातल्या पायऱ्या चढायच्या, हे वाटपकेंद्राची जागा ठरवताना सुरुवातीला पुरेसं लक्षात घेतलेलं दिसत नाही.

हत्तींसाठी वेगळी व्यवस्था झाली. निर्वासितांमधूनच स्वयंसेवकांची पथकं तयार करून छावणीच्या कडेने टेहळणीचे मनोरे बांधले. हत्ती दिसला की पथक माणसांना मागे ठेवतं आणि हत्तीला हळूहळू जंगलाकडे वळवतं. या पथकांचं काम सुरू झाल्यानंतर मृत्यू जवळपास थांबले.

काय साधलं

निर्वासित घरांची सरपणाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासांत दिसलं. टेकड्या पुन्हा हिरव्या दिसू लागल्या, हे उपग्रहाच्या चित्रांतही कळतं. शिधा विकून लाकूड घेण्याचं प्रमाण उतरलं. मोळीसाठी जाणारे तास मोकळे झाले.

उरलेल्या २० टक्क्यांत बरंच काही दडलेलं आहे. भरलेला सिलिंडर कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दिवसांनी बदलून मिळतो. मोठ्या घराचा गॅस त्याआधीच संपला तर मधले दिवस पुन्हा लाकडावर. कोणाचं नाव यादीत नाही, कोणाकडे पाहुणे येऊन राहिले आहेत, कोणी अडचणीत गॅस विकला. आणि काही पदार्थ चुलीवरचेच लागतात, हेही आहे.

दरडी मात्र थांबल्या नाहीत. जुलै २०२१ अखेरीस चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि किमान सहा निर्वासित मेले. १९ जून २०२४ रोजी पुन्हा दरडी कोसळून किमान नऊ जण गेले. गवताने वरची माती धरली जाते. उभ्या कापलेल्या उताराच्या पायथ्याशी घर असेल तर गवत काय करणार? तिथून घर हलवणं हा एकच उपाय, आणि हलवायला जागा नाही.

२२ मार्च २०२१

त्या दुपारी छावणी ८ पश्चिम, ८ पूर्व आणि ९ यांच्या भागात आग लागली. वारा होता, उन्हाळा होता. काही तासांत सुमारे दहा हजार निवारे जळाले, पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसं उघड्यावर आली. किमान ११ जण दगावले. दवाखाने, शाळा, वाटपकेंद्रं गेली. पळणाऱ्या लोकांना काटेरी तारांच्या कुंपणाने अडवलं, अशा साक्षी नंतर मोठ्या संख्येने पुढे आल्या. हे कुंपण सुरक्षेच्या कारणाने २०१९ नंतर उभारलं जात होतं.

सिलिंडर फुटल्याचे आवाज अनेकांनी ऐकले. त्यामुळे ‘गॅस दिला म्हणून जळालं’ असा सूर निघाला. तो मला पटत नाही. आग कशाने लागली याचा निर्विवाद उलगडा झालेला नाही, आणि छावणीतल्या सगळ्याच आगी चुलीतून निघत नाहीत. जानेवारी २०२१ ते डिसेंबर २०२२ या दोन वर्षांत छावण्यांत २२२ आगी लागल्या आणि त्यातल्या ६० मुद्दाम लावलेल्या होत्या, असं बांगलादेशच्या संरक्षण मंत्रालयाच्या अहवालात नमूद आहे. टोळ्यांची भांडणं हे त्यामागचं एक कारण. शिवाय उघड्या चुलीतली ठिणगी ताडपत्रीला कमी धोकादायक असते असंही नाही.

मोठा प्रश्न आग लागण्याचा नव्हता, ती पसरण्याचा होता. छावणीच्या आखणीचे आंतरराष्ट्रीय निकष या बाबतीत स्पष्ट आहेत. दर माणशी ४५ चौरस मीटर जागा, त्यात रस्ते, शौचालयं, शाळा, परसबाग सगळं धरून. दोन घरांत किमान दोन मीटर अंतर. दर ३०० मीटर वस्तीमागे ३० मीटर रुंदीचा मोकळा पट्टा, आगीला अडवण्यासाठी. कुतुपालोंगच्या बऱ्याच भागांत माणशी जागा १५ चौरस मीटरच्याही आत आहे. दोन घरांच्या ताडपत्र्या एकमेकींना लागलेल्या. तीस मीटरचा पट्टा सोडायचा तर शेकडो कुटुंबं उचलावी लागतात.

५ मार्च २०२३ रोजी छावणी ११ मध्ये आग लागली आणि बारा हजारांहून अधिक लोक बेघर झाले. मधल्या दोन वर्षांत बरंच केलं गेलं होतं: निर्वासितांमधून अग्निशमनाचे स्वयंसेवक शिकवले गेले, अरुंद वाटांतून जातील अशा तीनचाकी पंपगाड्या आल्या, वाळूच्या बादल्या आणि पाण्याचे साठे ठेवले गेले. लहान आगी त्यांनी विझवल्या, हे निश्चित. पण ताडपत्री, बांबू आणि दाटी यांत बदल झालेला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट वेळेची. ऑगस्ट २०१७ ते ऑगस्ट २०१८ या एका वर्षात जे जंगल आणि जी मुळं गेली ती परत आणायला अनेक वर्षं लागतात. डिप्थेरियाची साथ, दूषित हातपंप, ओसंडणारी शौचालयं असं एकावर एक संकट असताना इंधन मागे पडलं हे समजू शकतं. तरीही ज्या ट्रकने तांदूळ आला त्याच ट्रकने तुसाचे ओंडके पहिल्या महिन्यापासून यायला हवे होते. शिजवायला लागणारं इंधन हा शिध्याचाच भाग आहे, हे शिध्याच्या हिशोबात धरलेलं नव्हतं. पुढच्या कोणत्याही छावणीत पहिल्या आठवड्याच्या कागदात हे असावं.

दुसरी जागेची, आणि ती अधिक अवघड. आगीचे पट्टे, रस्ते, नाल्यांच्या कडा या जागा लोक बसण्याआधी आखून, दोरी बांधून राखाव्या लागतात. पहिल्या दहा दिवसांत ते स्वस्तात होतं, वर्षभरानंतर प्रत्येक मीटरला एक कुटुंब चिकटलेलं असतं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये दिवसाला हजारो माणसं येत असताना कोण दोरी बांधणार, असं विचारलं जाईल. लष्कराने तेव्हाच मुख्य रस्ता आत घेतला. म्हणजे इच्छा असती तर निदान दोन-तीन आडवे पट्टे राखता आले असते. मार्च २०२१ नंतर जळालेल्या भागाची पुन्हा बांधणी करताना ही संधी दुसऱ्यांदा आली. पण लोक राखेवर त्याच आठवड्यात ताडपत्र्या बांधू लागले, कारण बाजूला सरकायला जागा नव्हती.

सरकारने दाटीवर शोधलेलं उत्तर म्हणजे भासान चर, बंगालच्या उपसागरातलं बेट. एक लाख माणसांसाठी तिथे पक्क्या इमारती बांधल्या आणि डिसेंबर २०२० पासून लोक नेले. तीस हजारांच्या वर माणसं तिथे गेली. कुतुपालोंगच्या दाटीत त्याने फरक पडला नाही. तेवढी मुलं छावण्यांत दरवर्षी जन्माला येतात. पक्क्या बांधकामाची मनाई मुख्य भूमीवर आणि बेटावर मात्र काँक्रीट, यातली विसंगती कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

इथे आपल्या शेजारचं उदाहरण घेण्याचा मोह आवरत नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. आजही उल्हासनगरात पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. १९४९ मध्ये तिथे रीतसर गाव वसवायचं ठरलं आणि लोकांना घर, दुकान, कारखाना उभारता आला. पुढे तिथे बेकायदा इमारतींचा जो गुंता झाला तो वेगळा विषय आहे. पण ती माणसं नागरिक होती आणि परत जाणार नव्हती. बांगलादेश सरकारला रोहिंग्यांच्या बाबतीत तसं मानायचं नाही, आणि दहा लाख माणसांचा भार एकट्याने उचलणाऱ्या देशाला त्यावरून उपदेश करणं मला योग्य वाटत नाही. मागणी एवढीच करता येते की परत जाण्याची वाट पाहताना भिंत न पेटणारी असावी. पत्रा, मातीने लिंपलेला बांबू, दोन घरांच्या मधे एक न जळणारा पडदा. यातल्या कशानेही कोणी नागरिक होत नाही.

कुंपणाचा निर्णय तिसरा. तो सुरक्षा यंत्रणांनी घेतला. अग्निशमनाच्या दृष्टीने त्याची छाननी झाल्याचं दिसत नाही. कुंपण ठेवायचंच असेल तर ठरावीक अंतरावर आतून उघडणारी दारं आणि त्यांच्या किल्ल्या त्या ब्लॉकमधल्या स्वयंसेवकांकडे, ही किमान अट बैठकीत कोणीतरी मांडायला हवी होती.

पैसा संपतो तेव्हा

गॅसचा निर्णय घेताना जी भीती होती ती खरी ठरली. हा खर्च दरमहा येतो, आणि देणगीदारांचं लक्ष दरवर्षी कमी होत जातं. २०२३ मध्ये अन्नाचं मासिक अनुदान माणशी १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणावं लागलं. नंतर ते वाढवलं गेलं. जुलै २०२५ मध्ये यूएनएचसीआरने जाहीर केलं की नवा निधी आला नाही तर आरोग्यसेवा कोलमडतील आणि स्वयंपाकाचा गॅस संपेल. त्याआधीच्या दीड वर्षात राखाइनमधल्या लढाईमुळे आणखी दीड लाख माणसं आली होती. सिलिंडर मागणारी घरं वाढली आणि पैसे आटले.

गॅस खरोखर थांबला तर लोक दुसऱ्या दिवशी लावलेल्या झाडांकडे जातील. त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून कपात करायचीच वेळ आली तर ती कुठे करायची याचा क्रम आधी ठरलेला असावा. सरसकट सगळ्यांचा सिलिंडर आठ दिवसांनी पुढे ढकलणं कारकुनी सोयीचं आहे, पण त्याने सगळीच घरं एकाच वेळी जंगलात जातात. उताराजवळचे आणि जंगलाच्या कडेचे ब्लॉक शेवटपर्यंत पूर्ण गॅसवर ठेवावेत. बाई एकटी घर चालवते अशी कुटुंबं त्यांच्याबरोबर. सपाटीवरच्या, रस्त्यालगतच्या ब्लॉकना तुसाचे ओंडके देता येतात, कारण तिथे ट्रक पोहोचतो. तुसाचा पुरवठादार आणि साठवणीची कोरडी जागा मात्र आजच ठरवावी लागेल. पावसाळ्यात शोधायला निघालं तर ओला माल हाती येईल.

आणि प्रेशर कुकर. काही भागांत तो देऊन पाहिला गेला आणि गॅस वाचला, यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. शिध्यातली डाळ उघड्या पातेल्यात तासभर रटरटते आणि कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघरात कळलं असतं. खर्च एकदाच, बचत दर सिलिंडरमागे. तो पहिल्या शेगडीबरोबर २०१८ मध्येच द्यायला हवा होता. अजूनही द्यायचा असेल तर रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून देणारा माणूस प्रत्येक छावणीत बसवावा लागेल, नाहीतर वर्षभरात कुकरचं झाकणवालं पातेलं होतं.